जलरंग की तैलरंग?

चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा, ज्योतीआड धरलेला तळवा, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. छापील प्रती पाहून अनेकांना ते तैलचित्र वाटतं (आणि राजा रविवर्म्याचंही!), पण आहे जलरंगातलं.

तैलरंगात असा उजेड शेवटीही आणता येतो; गडदावर फिका रंग बसतो. चुकलं तर खरवडा, पुन्हा लावा. या रंगातलं जवसाचं तेल सावकाश वाळतं, त्यामुळे छटा मिसळायला सवड मिळते. जरी, दागिने, भरदार पोत यांसाठी मीही तैलरंगच सुचवेन.

जलरंगात सगळं उलट. उजेड म्हणजे कोरा कागद. तो पहिल्यापासून राखायचा आणि फिक्याकडून गडदाकडे जायचं. ज्योतीवर एक वॉश (पातळ रंगाचा हात) चुकून गेला की दिवा विझलाच म्हणायचा. पण ओल्या कागदावर रंग सोडला की तो आपणच पसरतो, कडा विरतात. घाटातलं धुकं, पावसानं पुसट झालेला डोंगर मिनिटाभरात उतरतो. तेलात तेच धुकं घोटून घोटून आणावं लागतं, आणि बहुतेकदा ते घोटलेलंच दिसतं.