रुबिडियमची दुसरी पायरी: निळा प्रकाश मोजावा की लेसरमधली घट?

रुबिडियमचा अणू ५एस या तळाच्या ऊर्जापातळीवरून वरच्या ५डी पातळीवर न्यायला दोन लेसर लागतात: मधल्या ५पीपर्यंत ७८० नॅनोमीटरचा, तिथून पुढे ७७६चा. अणू वर पोचला की नाही, हे दोन प्रकारे पाहता येतं. रुबिडियमची वाफ भरलेल्या काचेच्या सेलमधून आरपार गेलेला ७७६चा लेसर फोटोडायोडवर (प्रकाशाचं विजेत रूपांतर करणाऱ्या सेन्सरवर) घेऊन त्यातली घट मोजायची, किंवा अणू खाली उतरताना सोडतो तो ४२० नॅनोमीटरचा निळा प्रकाश बाजूने गोळा करायचा.

घट मोजणं स्वस्त आणि सोपं. अंधार नको, महागडा डिटेक्टर नको. पण ५पीमध्ये अणू थोडेच असतात आणि तेही सुमारे २६ नॅनोसेकंदच टिकतात. त्यामुळे घट इवलीशी, लेसरचा स्वतःचा गोंगाट तिच्यावर स्वार. गोंगाटातून ठरावीक वारंवारतेचाच संकेत वेचणारा लॉक-इन अॅम्प्लिफायर जोडावाच लागतो.

निळ्याची गंमत वेगळी आहे. दोन्ही लेसर लाल टोकाचे, त्यामुळे निळा फोटॉन आला म्हणजे अणू ५डीपर्यंत गेलाच होता. ४२०चा फिल्टर आणि निळ्याला तीक्ष्ण पण ७८०ला जवळपास आंधळा असा फोटोमल्टिप्लायर (एकेक फोटॉनही टिपणारी नळी) लावला, की विखुरलेला लेसर त्रास देत नाही. किंमत मोजावी लागते ती संख्येत. ५डीतले बहुतेक अणू आल्या वाटेनेच परततात; ६पी या दुसऱ्या मधल्या पातळीमार्गे उतरून निळा प्रकाश देणारे ढोबळमानाने दहात एक. त्यातही ५० मिलिमीटरवर ठेवलेलं २५ मिलिमीटर व्यासाचं भिंग जेमतेम दीड टक्का प्रकाश पकडतं. तरीही मी निळाच निवडेन, कारण मागची पाटी कोरी असते. ट्यूबलाइट मात्र बंद ठेवा: तिच्यातल्या पाऱ्याच्या ४०५ आणि ४३६च्या रेषा शेजारीच आहेत, आणि तिरप्या प्रकाशात फिल्टरची खिडकी आखूड तरंगलांबीकडे सरकते.

५डीचा आयुःकाल मोजायचा असेल तर लेसर झटक्यात बंद करून निळा प्रकाश कसा ओसरतो ते पाहता येतं. फक्त वक्राला एकाच आयुःकालाचा घातांकी उतार लावू नका. ५डीचे सुमारे २४० नॅनोसेकंद आणि ६पीचे शंभराहून थोडे जास्त, दोन्ही त्यात मिसळलेले असतात.

लेसर लॉक करणं, म्हणजे त्याची तरंगलांबी अणूच्या रेषेवर स्थिर ठेवणं, एवढंच काम असेल, तर आरपारची पद्धत पुरे. वरच्या रिडबर्ग पातळ्यांसाठी (जिथे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून फार दूर असतो) मात्र दोन्ही सोडून आयनीकरणाकडे, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सुटा करून मोजण्याकडे, वळा. तिथला फ्लुओरेसन्स (अणूने उतरताना सोडलेला प्रकाश) फारच मंद, आणि अणू थोड्याशा विद्युत्क्षेत्रानेही फुटतो.