मोज्यातली सुरी आणि खिशातला चाकू

स्कॉटलंडच्या हायलँड या डोंगराळ भागातील पोशाखात मोज्याच्या काठाशी खोचली जाणारी ‘स्कीअन डू’ आणि स्विस सैनिकांचा घडीचा चाकू या दोन्ही वस्तू लहानच. पण पहिलीचा इतिहास मानाचा, तर दुसऱ्याचा निव्वळ सोयीचा आहे.

१७४६ मध्ये कलोडन येथे जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचा, पराभव झाल्यानंतर हायलँडमधील शस्त्रांवर आणि पुरुषांच्या पोशाखावर निर्बंध आले; त्यांपैकी पोशाखावरील बंदी १७८२ मध्ये उठली. हेन्री रेबर्न यांनी रंगवलेल्या ग्लेनगॅरीच्या मॅकडॉनेल या हायलँड सरदाराच्या चित्रात कमरेला लांब ‘डर्क’ खंजीर आहे आणि उजव्या मोज्यातून या सुरीची मूठ डोकावते. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा हाच पोशाख राष्ट्रीय प्रतिष्ठेचा ठरला. आज या सुरीने क्वचितच काही कापले जाते.

स्विस चाकूला असा थाट नाही. त्याच्या १८९० च्या नमुन्यात पाते, टोच्या, डबा फोडणी आणि रायफल खोलण्यासाठी स्क्रूड्रायव्हर होता. गंमत म्हणजे पहिला मोठा पुरवठा जर्मनीतील झोलिंगेनहून झाला. स्विस चाकू-उत्पादक कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये बूच काढण्याचा स्क्रूही जोडला. रोजच्या वापरासाठी निवड करायची, तर माझ्या मते हाच सरस.

स्कॉटलंडचा कायदाही दोघांना वेगवेगळ्या कारणांनी सूट देतो: घडीच्या, उघडल्यावर पाते ‘लॉक’ न होणाऱ्या चाकूला धार तीन इंचांपेक्षा जास्त नसेल तर, आणि स्कीअन डूला ती राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगली असेल तर.