भुयारी गटाराला चार तारे, त्याच्यावरच्या पार्किंगला दीड

आमच्या बाजारपेठेतल्या गल्लीला नगरपरिषदेनं दोन गोष्टी दिल्या. आधी जमिनीखाली भुयारी गटार, मग वर पे अँड पार्क. दोन्हीची मी रोजची गिऱ्हाईक. खानावळ या गल्लीत आणि घर तिच्याच माडीवर, म्हणजे सांडपाणी माझं आणि गाड्या माझ्याकडे जेवायला येणाऱ्यांच्या. लोक माझ्या सोलकढीला तारे देतात, तर मी घरपट्टी भरून घेतलेल्या सेवेला का देऊ नयेत? गाव सिंधुदुर्गातलं, समुद्राकाठचं, एवढं पुरे. नाव सांगत नाही, उद्या नळाला पाणी यायला हवं.

गटाराबद्दल आधी बोलते, कारण ते खरंच चांगलं झालंय. पूर्वी मागच्या परड्यात सेप्टिक टाकी होती आणि तिच्या पुढे शोषखड्डा. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा निदान 18 मीटर लांब हवा, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या परड्याची लांबीच तेवढी नाही! आमची विहीर, शेजाऱ्यांची विहीर, दोघांचे शोषखड्डे आणि मधे एक दगडी गडगा. आषाढात जमिनीतलं पाणी वर आलं की खड्डा काही शोषायचा नाही आणि टाकीतलं सगळं नहाणीतून परत वर यायचं. मैला ओढणारी गाडी बोलावली की टँकरवाला पहिला प्रश्न विचारायचा, "वयनी, गाडी आत येतली काय?" आणि उत्तर ऐकून भाव वाढवायचा. ओढलेला गाळ कुठे ओततोस म्हटलं तर नुसता हसायचा. साताऱ्याकडच्या वाईत आणि नाशिककडच्या सिन्नरमध्ये टाक्या ठरलेल्या पाळीनं उपसतात आणि गाळावर प्रक्रिया करायला केंद्रही आहे. सुट्या घरांच्या वाड्यांना तीच सोय बरी. बाजारपेठेत मात्र भिंतीला भिंत लागलेली, तिथे भुयारी गटाराशिवाय इलाज नव्हता, असं माझं मत आहे. त्यावरून माझं आणि आमच्या ह्यांचं अजून वाजतं.

काम चाललं तेव्हा गल्लीनं भोगलं. वरच्या अंगाला जांभा. ब्रेकर लागला की वाटीतली आमटी थरथरायची. खालच्या अंगाला, बंदराकडे, पुळण, म्हणजे नुसती वाळू. तिथे थोडं खणलं की पाणी लागायचं आणि चर ढासळायचा, मग रात्रंदिवस पंप. नगरपरिषदेच्या इंजिनिअरला मी चहा देताना विचारलं, एवढं खोल कशाला? तो म्हणाला, काकी, ह्याला मोटार नाही, उतारच सगळं करतो. पाणी सेकंदाला निदान 0.6 मीटर धावलं पाहिजे, तरच घाण तळाला बसत नाही. म्हणून पुढे पुढे पाइप खोल जातो आणि दर 30 मीटरच्या आसपास, शिवाय वळणावर आणि जोडावर, चेंबर, म्हणजे पाइप साफ करायला झाकणाचा खड्डा, ठेवावा लागतो. माणूस शब्दाचा पक्का. ठेकेदारानं दोन पाइपांचा उतार चुकवला, तेव्हा ह्यानं ते उखडायला लावून पुन्हा बसवून घेतले. चारांतला एक तारा ह्याचाच. उणा गेलेला तारा चर बुजवणाऱ्याच्या नावावर. मिरगाच्या आधी बुजवायचे म्हणून बुजवले, पण माती थराथरानं दाबली नाही आणि पहिल्याच मोठ्या पावसात रस्ता पाइपाच्या रेषेत खचला.

जोडणी देताना खानावळीला ग्रीस ट्रॅप सक्तीचा केला. म्हणजे स्वयंपाकघराचं पाणी आधी एका छोट्या टाकीत थांबतं, तेल वर तरंगतं, खालचं पाणी पुढे जातं. हा ट्रॅप आठवड्याला उपसावा लागतो आणि ते काम ओंगळ आहे, पण हवंच. सुरमई तळलेलं तेल पाइपात थिजतं, त्याला खोबऱ्याचा चोथा चिकटतो, वर माशांची खवलं, मग कसला उतार नि कसलं काय. आमच्या गल्लीतले काही शहाणे पन्हाळीचं पाणीही ह्याच गटारात सोडतात. इथे चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घरातल्या सांडपाण्यासाठी घातलेला पाइप छपरांचं पाणी कसा पेलणार? मग झाकणं उडतात आणि शिव्या नगरपरिषदेला.

आता पार्किंग. निर्णय कसा झाला ते पाहावं म्हणून माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज केला आणि पानाला 2 रुपये भरून दोन्ही ठरावांच्या नकला आणल्या. गटाराचा ठराव नगरसेवक असतानाचा, त्यावर चर्चा तरी झालेली दिसते. पार्किंगचा ठराव प्रशासकाच्या काळातला. राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांसारखी आमचीही निवडणूक रखडली होती, ती थेट डिसेंबर 2025 मध्ये झाली. मधल्या काळात मुख्याधिकारीच प्रशासक, म्हणजे विषय मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. पार्किंगच्या ठरावात चौकोनांची मापं आहेत, दर आहेत, ठेक्याची मुदत आहे. त्याच रस्त्याखाली गटार आहे, हा उल्लेख मात्र कुठेही नाही. गटाराच्या नकाशातले चेंबर आणि पार्किंगचे चौकोन एका कागदावर कुणी मांडूनच पाहिले नाहीत. रंगारी आला आणि त्यानं पांढरे पट्टे सरळ झाकणांवरून ओढले.

एरवी हे खपून जातं. पावतीवाला मुलगा सभ्य आहे, पूर्वीसारख्या आडव्यातिडव्या गाड्या नाहीत, म्हाताऱ्या बायका भिंतीला न चिकटता चालू शकतात. दीड तारा त्यासाठीच. पण गणपतीत चाकरमानी येतात. गाडी सकाळी लावली की माणूस वाडीत, भजनात, आरतीत. पावती फाडलेली, पैसे भरलेले, आता ती हलवायची जबाबदारी कुणाची? गौरीजेवणाच्या दिवशी घराघरांत पंक्ती, पाण्याचा वापर दुप्पट, आणि नेमकं त्याच दुपारी आमच्या खालच्या चेंबरमधून पाणी उलटलं. जोराच्या पाण्यानं तुंबलेला पाइप मोकळा करणारी जेटिंगची गाडी आली. जे झाकण उघडायचं त्याच्यावर मुंबईची पांढरी गाडी, काचा वर, मालकाचा फोन लागेना.

तेव्हा ठेकेदाराच्या मुकादमानं काय करावं? अलीकडचं चेंबर उघडलं आणि बरोबरच्या पोराला बांबू घेऊन आत उतरायला सांगितलं. मी पायरीवरून खाली आले. म्हटलं, ह्याला आत सोडलंस तर आधी पोलिसांना फोन करीन. गटारात असं माणसाला उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात माणूस मेला तर कुटुंबाला 30 लाख द्यायचे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलंय. मुकादम म्हणाला, "काकी, वास गेलो मा, आता गॅस नाय." हे तर त्याहून वाईट. कुजक्या अंड्यासारखा वास असलेला तो गॅस फार झाला की नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणून गॅस गेला असं होत नाही. पोरगा माझ्याकडे बघत होता. "रोजचाच आसा," म्हणाला.

गाडीचा मालक आरती आटोपून आला तोवर माझ्या पंक्ती उठल्या होत्या. जेटिंगचा पाइप आत सोडल्यावर गटार थोड्याच वेळात मोकळं झालं. म्हणून म्हणते, पाइपात खोट नाही. पार्किंगचा एक चौकोन चुकीच्या जागी पडला आणि मशीनचं काम माणसाच्या गळ्यात आलं.

उपाय काही लाखांचा नाही. प्रत्येक झाकणाभोवती पिवळी चौकट मारायची, तेवढी जागा पार्किंगमधून वगळायची. ठेक्याचे काही चौकोन कमी होतील, एवढंच. मी लेखी अर्ज दिला. इंजिनिअर म्हणाला, पार्किंग माझ्याकडे नाही, कर विभागाकडे आहे. कर विभाग म्हणाला, चेंबर आमच्याकडे नाहीत. नवे नगरसेवक म्हणाले, सभेत विषय घेऊ.

बाहेरून येणाऱ्यांना सांगते: सणासुदीला गाडी बंदराच्या मैदानावर लावा आणि चालत या, रस्ता सावलीचा आहे. गल्लीतच लावायची असेल तर खाली वाकून बघा, चाकाखाली गोल झाकण आहे का. असेल तर पावतीवाल्याकडून दुसरी जागा मागा, तो देतो.

आमच्या दारातल्या चेंबरवर मी सध्या तुळशीची कुंडी ठेवते. तिच्यावर गाडी घालायची कुणाची छाती होत नाही. जेटिंगवाल्यांना माहीत आहे, ते उचलून बाजूला ठेवतात आणि काम झालं की परत जागेवर. गेल्या आठवड्यात नगरपरिषदेचा शिपाई नोटीस देऊन गेला, सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण म्हणून.