काटा शून्यावर, बाग कोरडी: टेन्शियोमीटरबरोबर आठ महिने

अथणी तालुक्याच्या पूर्व भागातील आमच्या दोन एकर कागदी लिंबाच्या बागेत मी गेल्या ऑक्टोबरपासून टेन्शियोमीटर पाहून पाणी देत आहे; टेन्शियोमीटर म्हणजे कोरडी होत जाणारी माती पाणी किती जोराने ओढते हे काट्यावर दाखवणारी, मातीत रोवलेली पाण्याची नळी. हस्त बहाराची (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याची) फळे वाटाण्याएवढी होईपर्यंत पाण्यात काटछाट केली नाही, कारण फुलोऱ्यात आणि फळधारणेत ताण बसला तर गळ होते. त्यानंतर मात्र झाडाचे ताशी चार लिटरचे चार ड्रिपर पाच तासांऐवजी तीन तास चालवले, म्हणजे पाळीला ८० लिटरांचे ४८ झाले. एकरी १०८ झाडांना एका पाळीत सुमारे साडेतीन हजार लिटर वाचतात, आणि मार्चनंतर आमच्या बोअरला तुटक पाणी येते तेव्हा हा आकडा लहान वाटत नाही.

तक्रार आहे ती काट्याची. मातीची ओढ ८० सेंटीबारच्या (हे ओढीचे माप; आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी) आसपास गेली की चिनीमातीच्या टोकातून हवा आत शिरते, नळी रिकामी होते आणि काटा मुकाट्याने शून्यावर येतो; आणि शून्याचा अर्थ माती चिंब! जानेवारीत मी आठ दिवस रोज सकाळी हे शून्य पाहून समाधानाने परतत होतो. नवव्या दिवशी दुपारी पाने होडीसारखी वळलेली दिसली, तेव्हा वडिलांनी ड्रिपरखालची माती उकरून मुठीत दाबली; तिचा गोळाही झाला नाही. घाबरून एकदम भरपूर पाणी सोडले, तर पुढच्या पंधरवड्यात बरीच फळे तडकली आणि ती लोणच्यासाठी मिळेल त्या भावाने द्यावी लागली.

ज्या यंत्राच्या भरवशावर झाड कोरडे ठेवायचे, ते कोरडेपणातच खोटे बोलत असेल तर साडेसात हजारांना दोन घेऊन मी काय मिळवले, असा माझा राग होता. विक्रेता म्हणाला, "काळ्या मातीत असंच होतं." हे वाक्य त्याने बिल करण्याआधी बोलायला हवे होते, वर नव्या टोकाचे नऊशे रुपये मागितले.

फेब्रुवारीत मात्र माझे मत थोडे बदलले. मी नळीत बोअरचे पाणी जसेच्या तसे भरत होतो, त्यातील हवेचे बुडबुडे वर साचत होते; उकळून गार केलेले पाणी भरू लागल्यावर नळी बरीच टिकली. भेगाळलेल्या मातीत टोकाभोवती पोकळी राहत होती, ती पातळ चिखल ओतून बुजवली. आता काटा ६५ ला पोहोचला की पाणी सोडतो, ८० ची वाट पाहत नाही, आणि शून्य दिसले तर आधी नळी पाहतो, मग माती.

एप्रिलच्या तोड्यात फळ किंचित लहान निघाले, पण गोण्यांची संख्या गतवर्षीएवढीच भरली. विक्रेत्याने ते नऊशे रुपये सोडलेले नाहीत, आणि मीही अजून दिलेले नाहीत.