‘पिक्चर ट्यूब गेली’ म्हणून साडेसात हजारांना गंडा

घरात ॲपलची जुनी कॉम्पॅक्ट मॅकिंटॉश (संगणक आणि पडदा एकाच डब्यात) असेल, पडद्यावर चौकडा उमटत असेल आणि कुणी ‘ट्यूब गेली’ म्हणून पैसे मागत असेल, तर पाकीट काढण्याआधी हे वाचा. आमच्या काकांचे साडेसात हजार याच वाक्यावर गेले.

काकांचा नागपुरात इतवारीत छापखाना होता. त्या काळची मॅकिंटॉश क्लासिक त्यांनी अजून जपून ठेवली आहे. १९९० साली आलेलं मॉडेल, नऊ इंची काळा-पांढरा पडदा. मधूनमधून सुरू करून जुन्या लग्नपत्रिकांच्या फायली बघायच्या, एवढंच तिचं काम. एकदा सुरू केली तर ना सुरुवातीचा आवाज, ना पडद्यावर येणारा तो हसरा चेहरा. पडदाभर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन.

काकांनी ती बर्डीतल्या एका टीव्ही-मॉनिटरवाल्याकडे नेली. त्यानं सुरू केली, वर एक थाप मारली आणि निकाल दिला, “काकाजी, पिक्चर ट्यूब गेली याची. इथं नाही भेटत हा माल, मुंबईवरून बोलवा लागते.” साडेपाच हजार ॲडव्हान्स, दोन हजार नेताना. बिल म्हणजे लिफाफ्याच्या मागे पेनानं खरडलेला आकडा.

मशीन चालू होऊन आली, काका खूश. पण पानं मांडायचा पेजमेकर प्रोग्राम उघडेना, मेमरी पुरत नाही म्हणे. ॲपल मेन्यूत पाहिलं तर १ एमबी. आधी ४ होती. क्लासिकच्या मुख्य बोर्डावर १ एमबीच असते, बाकीची वेगळ्या कार्डावर बसते. ते कार्डच गायब! आणि थोड्याच दिवसांत चौकोन परत हजर.

मग मी मागचं कव्हर काढलं. टी-१५ चा (चांदणीच्या टोकाचा) लांब पेचकस लागतो, कारण दोन स्क्रू हँडलच्या खोल खाचेत असतात. ट्यूबवर जुनी धूळ जशीच्या तशी. योकला, म्हणजे ट्यूबच्या मानेभोवतीच्या तांब्याच्या गुंडाळीला, कारखान्यात लावलेला गोंद अखंड. ट्यूब बदलणाऱ्याला तो बहुधा फोडावा लागतो. उलट मुख्य बोर्ड मात्र कॅपॅसिटरच्या (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांच्या) आजूबाजूला चकचकीत पुसलेला, आणि काही पायांशी हिरवट गंज.

म्हणजे गड्यानं फक्त बोर्ड धुतला होता. या यंत्रांतले छोटे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वयानं गळतात, त्यातला द्रव बोर्डावर पसरतो आणि चौकडा येतो. धुतलं की काही दिवस चालतं. खरा इलाज म्हणजे सगळे कॅपॅसिटर बदलणं. आणि मुळात, जी ट्यूब चौकोन रेखीव दाखवते ती मेलेली कशी असेल? ती, ईएचटी (ट्यूबला लागणारा हजारो व्होल्टचा दाब) आणि योक, तिघंही काम करत आहेत म्हणूनच तर ते चौकोन दिसतात.

पडद्यावर एकच उभी किंवा आडवी रेघ असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ॲनालॉग बोर्ड (पडदा आणि वीजपुरवठा सांभाळणारा) बघायचा, तिथं योकच्या कनेक्टरचं ड्राय सोल्डर, म्हणजे सैल पडलेला डाग, हे नेहमीचं दुखणं. मशीनचा सुरुवातीचा आवाज येतो पण पडदा काळाच, तेव्हाही आधी तोच बोर्ड. एवढं कळलं तरी दुकानदाराशी बोलायला बळ येतं.

पण हे वाचून लगेच स्वतः हात घालू नका. प्लग काढला तरी ट्यूबच्या ॲनोडवर (जाड वायर जिथं जोडलेली असते तिथं) हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात आणि पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरवर तीनशेच्या वर. काही मॉडेलांत साठा आपोआप उतरतो, पण त्या भरवशावर कुणी बोटं घालू नयेत. ज्याला चेसिसला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) वायर जोडून, एक हात मागे ठेवून साठलेली वीज उतरवता येते त्यालाच उघडू द्या. ट्यूबची मान तर इतकी नाजूक की मागचा छोटा बोर्ड वाकडा ओढला तरी तडकते, हवा आत शिरते आणि मग ट्यूब खरोखरच जाते.

दुकानदार म्हणाला, “कार्ड पहिलेपासूनच नव्हतं, भाऊ.” आमच्याकडे फोटोही नव्हता, धड बिलही नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला; त्यांनीही पहिल्यांदा बिलच विचारलं. तेव्हा यंत्र देण्याआधी मेमरीची खिडकी, ट्यूबवरचं लेबल आणि बोर्ड यांचे फोटो काढा, पावतीवर काय बदलणार ते लिहून घ्या, आणि काढलेला जुना भाग परत मागा. ट्यूब बदलली म्हणतो ना, मग जुनी ट्यूब दाखव म्हणायचं.

कॅपॅसिटर आता दुसऱ्या एका माणसानं काकांच्या समोर बसून बदलले. मेमरीचं कार्ड अजून मिळालेलं नाही.