मनिलातलं घरगुती काकानिनचं दुकान: डिसेंबरपासूनचा अनुभव

इथले तांदळाचे पदार्थ कुठून घ्यायचे, असं मनिलात नव्याने आलेली मराठी मंडळी सारखी विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पासिगच्या बाजाराजवळ एक कुटुंब काकानिन, म्हणजे तांदळाचे पारंपरिक पदार्थ, करून विकतं. आई वाफेच्या भांड्यांपाशी, मुलगी गल्ल्यावर, जावई नारळ खवायला. डिसेंबरपासून आम्ही तिथूनच घेतोय.

सुरुवात झाली पुतो बुंबोंगने. नाताळाआधी १६ ते २४ डिसेंबर इथे पहाटेची प्रार्थना असते, सिम्बांग गाबी. ती आटोपून लोक हा जांभळा पदार्थ खातात. भिजवून वाटलेला तांदूळ बांबूच्या नळीत भरून वाफवतात, नळी केळीच्या पानावर आपटली की लांबट वडी बाहेर येते. वर लोणी, ओलं खोबरं आणि काळसर कच्ची साखर. जांभळा रंग मूळचा पिरुरुतोंग तांदळाचा. तो महाग आणि दुर्मिळ झालाय, त्यामुळे बरेच जण सरळ रंग घालतात. इथली वडी मळकट जांभळी असते, भडक नाही. मला या दुकानाचा विश्वास वाटायला लागला तो तिथेच.

पुतो (वाफवलेला तांदळाचा केक) आणि बिबिंका (भाजलेला केक) यांच्यासाठी हे लोक अजून तांदूळ भिजवून, वाटून, आंबवून गालापोंग करतात. मॉलमधला तयार पिठाचा पुतो दुपारपर्यंत कोरडा पडतो. यांच्या पुतोला इडलीसारखी जाळी आणि किंचित आंबूस वास असतो. बिबिंका मातीच्या भांड्यात केळीच्या पानावर, खाली-वर निखारे ठेवून भाजतात. पानाची कड करपते तो भाग माझ्या मुलीचा, त्यावर वाद घालायचा नाही.

आता तक्रारी. बिको (नारळाच्या दुधातला चिकट गोड भात) फार गोड असतो, सांगूनही कमी करत नाहीत. कुचिंता (तांदळाची वाफवलेली छोटी वडी) एरवी छान लवचीक, पण त्यात क्षाराचं पाणी घालतात, ते एकदा जास्त झालं होतं आणि घशाला लागलं. आतेला (गल्ल्यावरच्या मुलीला सगळे आते, म्हणजे ताई, म्हणतात) कळवलं, तिने वाद न घालता दुसरा डबा दिला. घरपोच मागवू नका. गरम माल प्लास्टिकमध्ये बांधतात, झाकणाचं पाणी गळून सगळं गिळगिळीत होतं.

शाकाहारी असाल तर बिबिंकात अंडं असतं, शिवाय वर खारवलेल्या बदकाच्या अंड्याची चकती. पुतोतही काही जण अंडं घालतात, विचारून घ्या. पुतोसोबत दिनुगुआन विचारलं तर नको म्हणा, ते डुकराच्या रक्तातलं कालवण आहे. केळीच्या पानात गुंडाळलेला सुमान निर्धास्त खा: चिकट तांदूळ, नारळाचं दूध, मीठ, एवढंच.

नारळाचं दूध असलेलं काहीही इथल्या उकाड्यात रात्रीपर्यंत टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तर दगड होतं, मग पुन्हा वाफवावं लागतं. समारंभासाठी अख्खा बिलाओ, म्हणजे पानं अंथरलेलं सुपासारखं बांबूचं ताट, हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा. रविवारी मात्र सकाळी लवकर जा, बिबिंका आधी संपते.