री-व्होल्ट: इथे गाडी फुटत नाही, उलटते

तोडफोडीचा गेम म्हणून ‘री-व्होल्ट’ सुरू केलात तर आधी हिरमोड होईल. अ‍ॅक्लेमच्या या १९९९ च्या गेममध्ये रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाड्या एकमेकींवर रॉकेट सोडतात, पण एकीलाही साधा पोचा पडत नाही. शिक्षा एकच. गाडी पाठीवर पडते, चाकं हवेत फिरत राहतात आणि ती सुलटी करेपर्यंत मागचा घोळका पुढे निघून जातो. ही शिक्षा गाडीचं नुकसान दाखवणाऱ्या डॅमेजच्या पट्टीपेक्षा जास्त झोंबते.

शस्त्रं विजेच्या आकाराच्या पिकअपमधून, म्हणजे रस्त्यात उचलायच्या चिन्हांमधून मिळतात, आणि काय मिळेल याचा नेम नाही. फटाक्याचं रॉकेट समोरच्या गाडीवर खूण दिसल्यावरच सोडा, नाहीतर ते सरळ जाऊन भिंतीवर आपटतं. शॉकवेव्ह, म्हणजे समोरच्या गाड्यांना उडवणारी लाट, अरुंद बोळासाठी राखून ठेवा. तिथे बाजूला व्हायला जागा नसते. इलेक्ट्रो पल्स, म्हणजे जवळच्या गाड्या बंद पाडणारा विजेचा झटका, घोळक्यात वापरायचा, एकटं असताना तो वाया जातो. तेल वळणाच्या तोंडाशी सांडलं तरच उपयोगी. आणि बॉम्ब? तो थेट तुमच्याच गाडीला चिकटतो. फुटायच्या आत दुसऱ्या गाडीला धडक दिली की बला तिच्या गळ्यात. तुम्ही आघाडीवर एकटेच असाल तर मात्र वेग कमी करून मागच्याची वाट बघायची, दुसरा इलाज नाही. हा सगळ्यात वात्रट आणि सगळ्यात मजेदार पिकअप.

गाड्यांमधला फरक दिसण्यापुरता नाही. हलकी गाडी धक्क्याने सहज उडते. जड गाडी धक्का पचवते, पण चढावर आणि वळणातून बाहेर पडताना रखडते. कीबोर्डवर बाण दाबून धरला की मागचा भाग घसरलाच समजा. थोडं थोडं टॅप करत वळवा. सुपरमार्केटच्या ट्रॅकवर फ्रीझरच्या भागात बर्फ आहे, तिथे हे जास्तच जाणवतं.

चॅम्पियनशिपमध्ये पहिल्या तिघांत आलं नाही तर तीच रेस पुन्हा, आणि तशा संधीही मोजक्याच. शेवटच्या वळणावर नशिबाने आलेल्या रॉकेटमुळे तिसरा नंबर हुकला की हा नियम अन्यायाचा वाटतो. नव्या खेळाडूंनी सिंगल रेसमध्ये रस्ते पाठ करूनच चॅम्पियनशिपला हात घालावा.

आज खेळायचं तर चाहत्यांनी नव्याने लिहिलेली आरव्हीजीएल ही आवृत्ती घ्या. ती आजच्या विंडोज आणि लिनक्सवर चालते, आणि एकाच स्क्रीनवर चौघांना खेळता येतं. गाडीत फेरफार करायचा तर तिच्या फोल्डरची आधी कॉपी काढा, मग ‘पॅरामीटर्स’ ही टेक्स्ट फाइल उघडा. वरचे ‘टॉपएंड’, ‘वेट’ हे आकडे फक्त मेनूतल्या पट्ट्यांसाठी आहेत. ते बदलून गाडी जराही पळणार नाही. खरा वेग ‘टॉपस्पीड’मध्ये, खरं वजन ‘मास’मध्ये. सारखी उलटणारी गाडी सावरायची तर ‘सीओएम’च्या, म्हणजे गुरुत्वमध्याच्या, ओळीतला मधला (वाय अक्षाचा) आकडा थोडा वाढवा. या गेममध्ये वाय हा उभा अक्ष खालच्या दिशेने जातो, त्यामुळे आकडा वाढला की गुरुत्वमध्य खाली येतो. बरेच जण नेमकं उलट करतात आणि गाडी आणखी लोळायला लागली म्हणून चक्रावतात. ‘मास’ वाढवलात तर स्प्रिंगची ‘स्टिफनेस’ (कडकपणा) ही वाढवा, नाहीतर गाडीचं पोट जमिनीला घासेल.